लॉजच्या अंगणातली नववी गाडी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. एकसष्ट वर्षांची. मित्रांनो, माझ्या वयाच्या गाड्या एक तर भंगारात जातात, नाही तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभ्या राहतात. मी दोन्हीकडे नाही. घाटाच्या पायथ्याशी एक लॉज आहे, त्याच्या अंगणात मी भिंतीला टेकून उभी आहे. माझ्या हँडलवर लॉजच्या धुतलेल्या चादरी वाळत घालतात. त्यांचं पाणी माझ्यावर ठिबकतं आणि जिथं ठिबकतं तिथं गंज धरतो. मला तक्रार करायची नाही. काय झालं तेवढं सांगायचं आहे. ज्यांनी हे केलं ती माणसं वाईट नव्हती, निदान त्यांना स्वतःला तसं कधी वाटलं नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा आम्ही एका ओळीत चाळीस जणी होतो. सगळ्या हिरव्या, प्रत्येकीच्या टाकीवर सोनेरी रेघ. ती रेघ एक वयस्कर कामगार ब्रशनं ओढायचा, श्वास रोखून. माझ्या वेळी त्याला शिंक आली. माझ्या डाव्या बाजूची रेघ एका जागी अजून जाडसर आहे. त्यानं ती पुसून पुन्हा ओढली नाही. शेजारच्या माणसाला म्हणाला, "राहू दे. ओळखू तरी येईल."

मला पहिल्यांदा घेतलं गुरांच्या डॉक्टरांनी. पस्तीस वर्षं मी त्यांना गोठ्यागोठ्यांतून हिंडवलं. मागे चामड्याची बॅग, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि वाट म्हणजे बहुतेक वेळा चिखलच. डॉक्टरांनी माझं कौतुक कधी केलं नाही, पण उन्हात मात्र कधी उभं केलं नाही. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला घरामागच्या शेडमध्ये नेलं, चावी खिळ्याला अडकवली आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर चौदा वर्षं मी अंधारात होते. जावयानं माझ्यावर सिमेंटची पोती रचली. उंदरांनी सीटमधला काथ्या ओढून त्याची घरं केली. चौदा वर्षांत कुणी हाक मारली नाही की माणूस असो वा यंत्र, आपलं नाव विसरतं. मीही विसरले होते.

तिथून मला मिस्त्रींनी बाहेर काढलं.

मिस्त्री पंपांच्या कारखान्यात लेथ चालवायचे. डॉक्टरांच्या मुलीनं विहिरीचा पंप दुरुस्त करायला त्यांना बोलावलं होतं. हात धुवायला ते शेडकडे आले, पोत्याच्या खालून माझं पुढचं चाक दिसलं आणि त्यांनी हात न धुताच पोती बाजूला केली. बाहीनं टाकी पुसली. रेघेवरून अंगठा फिरवला आणि जाड जागेपाशी थांबले. हसले. डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "घेऊन जा. जागा तरी मोकळी होईल." पुढच्या रविवारी ते हातगाडी घेऊन आले.

मला पुन्हा उभं करायला मिस्त्रींना सहा वर्षं लागली. त्यांचं घर दोन खोल्यांचं. माझं इंजिन जिन्याखाली, चाकं मोरीत, आणि बाकी सगळं पत्र्याच्या डब्यांत पलंगाखाली. मिस्त्रीणबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या घरात माणसं दोन आणि नटबोल्ट बाराशे." जे भाग कुठे मिळत नव्हते ते मिस्त्री कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर घडवायचे. डबा तसाच परत यायचा. मिस्त्रीणबाईंनी एकदा तो उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आता हा तिलाच भरवा." पण त्याही यात ओढल्या गेल्या, त्या मॅग्नेटोमुळे.

मॅग्नेटो म्हणजे काय, ते सांगते. माझ्यासारख्या जुन्या गाडीला बॅटरी लागत नाही. इंजिनच्या मागे मुठीएवढं एक यंत्र असतं, ते फिरलं की त्यातून ठिणगी निघते. ठिणगी नाही तर गाडी नाही. माझ्या मॅग्नेटोतली तार जळून गेली होती. केसाएवढी बारीक तांब्याची तार मिस्त्री हातानं गुंडाळायला बसले आणि मिस्त्रीणबाई शेजारी बसून वेढे मोजायला लागल्या. रोज दुपारी दीड-दोन तास. मध्ये दारावर कुणी आलं की त्या हात वर करून "चार हजार एकशे बारा" असं ओरडायच्या आणि मग दार उघडायच्या. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या वेळी नऊ हजार दोनशे वेढे पुरे झाले. त्या दिवशी मिस्त्रींनी मला गल्लीत काढून किक मारली. चौथ्या किकला मी सुरू झाले. मिस्त्रीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "केवढा आवाज करते ही." पण आत काही गेल्या नाहीत.

मित्रांनो, पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. सकाळी कारखाना, संध्याकाळी घर, रविवारी मागे मिस्त्रीणबाई. सिग्नलला लोक वळून बघायचे. कुणी विचारलं, "कुठल्या सालची?" की मिस्त्री आधी साल सांगायचे, मग हळूच, "सगळं हातानं केलंय." लेथवर तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला आजवर कुणी विचारलं नव्हतं की तू काय करतोस. माझ्यामुळे विचारायला लागले. ती त्यांची भूक होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

एक दिवस कारखान्यात कॅप्टन आले. त्यांचा फरशांचा मोठा कारखाना होता आणि ते पंप घ्यायला आले होते. सैन्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. जुन्या मोटारसायकलींच्या ग्रुपचे ते पुढारी, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. त्यांनी मला सायकलींच्या शेडमध्ये बघितलं आणि माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. कॅप्टनची गाडीही माझ्याच कंपनीची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो साहेब."

"मिस्त्री, तुमची जागा आमच्यात आहे."

वर्षातून एकदा त्यांचा ग्रुप लांबच्या दौऱ्यावर जायचा. त्या वर्षी समुद्रापासून निघून, घाट चढून, पलीकडच्या मोठ्या तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं. सात दिवस. सगळ्या गाड्या पन्नास वर्षांच्या वरच्या. आठ गाड्या होत्याच, नववी मी.

मिस्त्री हत्यारांची पेटी भरत होते तेव्हा मिस्त्रीणबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ते तुम्हाला नेत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातांना नेतायत."

"मग हात काय एकटे जाणार आहेत? मला न्यावंच लागेल ना त्यांच्याबरोबर," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. त्या हसल्या नाहीत. मिस्त्रींच्या पाठीमागच्या खिशात त्यांनी खोकल्याच्या गोळ्या टाकल्या.

पहिल्या दिवशी निघून तीन तास झाले नाहीत तोच वकीलसाहेबांची गाडी बंद पडली. ग्रुपमध्ये एक वकील होते, शांत, चांगल्या बोलण्याचे. मिस्त्रींनी त्यांचा कार्बोरेटर रस्त्याच्या कडेला खोलून, साफ करून, अर्ध्या तासात बसवला. वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा क्लच घसरायला लागला. त्या जुन्या क्लचमध्ये बुचाचे तुकडे असतात, ते झिजले होते. मिस्त्रींनी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून बाटल्यांची बुचं मागून आणली, पाण्यात उकळली, ब्लेडनं एकसारखी कापली आणि एकेक करून बसवली. गाडी चालली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "मिस्त्री म्हणजे जादूगार माणूस," कॅप्टन म्हणाले. मिस्त्रींचे कान लाल झाले.

मग सगळे जेवायला गेले. मिस्त्रींनी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं, आणि ते पोहोचेपर्यंत टेबलं पुसायला घेतली होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्यानं चार घास खाल्ले. ते माझ्याजवळ येऊन बसले आणि घरी फोन लावला.

"जेवलो की. सगळ्यांबरोबर. मोठं टेबल होतं."

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि ग्रुपमधल्या फर्निचरच्या दुकानवाल्यांच्या गाडीची साखळी तुटली. बाकीचे एका छपराखाली चहा पीत थांबले. मिस्त्री ओल्या रस्त्यावर पाठीवर झोपून कडी बसवत होते. वकीलसाहेबांनी येऊन त्यांच्यावर छत्री धरली. थोड्या वेळानं त्यांचा हात दुखायला लागला. "मिस्त्री, तुम्ही तसेही भिजलायतच," ते ओशाळून म्हणाले आणि छपराखाली परत गेले.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही या लॉजवर पोहोचलो. मिस्त्रींना ताप भरला होता. हँडलवरचे त्यांचे हात मला तापलेल्या सिलिंडरपेक्षा गरम लागत होते. शेवटचा तासभर ते गाडी चालवत नव्हते, मीच त्यांना आणत होते म्हणा. त्यांना अंगणाकडच्या खोलीत झोपवलं आणि मला त्यांच्या खिडकीखाली लावलं. तेवढ्यात कॅप्टनची गाडी दोन आचके देऊन बंद पडली. जळक्या वॉर्निशचा वास सगळ्या अंगणात पसरला. मिस्त्री चादर गुंडाळून बाहेर आले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मॅग्नेटोची तार गेली साहेब. ही इथं होण्यातली नाही. महिनाभराचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी घाट चढायचा होता. पलीकडे तळ्याकाठी सत्काराचा मांडव घातला होता, वर्तमानपत्रवाले येणार होते. ग्रुपच्या मागून सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोत गाडी चढवून कॅप्टननी तिथं उतरायचं, हे होणं शक्य नव्हतं. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते अंगणात फिरत होते. फिरता फिरता माझ्यापाशी थांबले. माझ्या इंजिनच्या मागे वाकून बघितलं. मग वकीलसाहेबांना हाक मारली आणि दोघं मिस्त्रींच्या खोलीत गेले. खिडकी उघडी होती.

"कसं वाटतंय मिस्त्री?"

"बरं आहे साहेब. तासाभरात निघू या."

"छे, तुम्ही निघायचं नाही. आधी तब्येत. या तापात घाट झेपणार नाही तुम्हाला." कॅप्टन थोडे थांबले. "म्हणजे दोन दिवस तुमची गाडी इथं उभीच राहणार."

कॅप्टननी चहाचा घोट घेतला. वकीलसाहेबांनी घसा साफ केला.

"माझ्या गाडीचा मॅग्नेटो बसेल तुमच्या गाडीला," शेवटी मिस्त्रीच म्हणाले. "एकाच जातीचा आहे."

"हे तुम्ही म्हणालात," कॅप्टन म्हणाले. "मी मागितला नसता."

"दोन दिवसांचाच प्रश्न आहे," वकीलसाहेब म्हणाले. "परत याच वाटेनं यायचं आहे."

"तुमच्या हातात आणून ठेवतो," कॅप्टन म्हणाले. "मग नऊच्या नऊ गाड्या बरोबर खाली उतरतील."

फर्निचरवाले पक्कड घेऊन माझ्यापाशी आले आणि त्यांनी जोर लावला. पक्कड घसरली, लोखंडावर लोखंड करकरलं. तो आवाज खोलीत गेला असावा. मिस्त्री भिंतीला धरत बाहेर आले. "पक्कड लावू नका. मी काढतो." त्यांनी पेटीतून स्वतः घडवलेला खेचणी पाना काढला, साखळीचं झाकण उघडलं आणि मॅग्नेटो असा सोडवला की एक ओरखडासुद्धा उमटला नाही. उघड्या पडलेल्या जागेत धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी स्वच्छ फडक्याचा बोळा करून बसवला. ते करताना त्यांचा घाम माझ्या टाकीवर पडत होता.

कॅप्टनच्या गाडीत तो बसवून, पातळ कागदाची पट्टी मध्ये धरून त्यांनी ठिणगीची वेळ जुळवली. कॅप्टननी किक मारली. दुसऱ्याच किकला गाडी धडधडायला लागली. मित्रांनो, तेव्हा मी मिस्त्रींकडे बघत होते. अंगात एवढा ताप, आणि माणूस हसत होता. काम चोख झालं होतं ना.

आठ गाड्या गेल्या. टेम्पो गेला. जाताना कॅप्टननी त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री खुर्ची घेऊन अंगणात माझ्या शेजारी बसले, घाटाच्या वळणाकडे तोंड करून. लॉजवाल्या ताई त्यांना गरम पाणी आणि मऊ भात आणून द्यायच्या. दुपारपर्यंत कुणी आलं नाही म्हणून त्यांनी फोन लावला. कॅप्टनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"अहो मिस्त्री, तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा. सगळ्यांचं ठरलं पलीकडच्या बाजूनं उतरायचं. तिकडचा रस्ता फार चांगला आहे. आमच्यातले अर्धे घरी पोहोचलेसुद्धा."

"आणि मॅग्नेटो?"

"गाडीतच आहे की. जातोय कुठे. पाठवतो."

"आणि माझी गाडी? टेम्पो तरी…"

"बघू. तुम्ही तब्येत सांभाळा."

थोड्या वेळानं लॉजवाल्या ताई स्वतःचा फोन घेऊन आल्या. "काका, तुमच्या लोकांचा व्हिडिओ आलाय बघा." त्यात तळ्याकाठचा सत्कार होता. गळ्यात हार घातलेले कॅप्टन बोलत होते, "आठ जुन्या गाड्या निघाल्या आणि आठही पोहोचल्या. एकही मागे राहिली नाही. मैत्री म्हणजे हेच." मागे उभे असलेले वकीलसाहेब जमिनीकडे बघून टाळ्या वाजवत होते.

"तुम्ही नऊ जण आला होतात ना?" ताईंनी विचारलं.

मिस्त्रींनी फोन ताईंना परत दिला. "त्यांना म्हणायचं असेल, घाटातून आठ," ते म्हणाले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना.

ताईंनीच त्यांच्या फोनवरून मिस्त्रीणबाईंना कळवलं. त्या अकरा तास बसमध्ये बसून आल्या. गावातले डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं आहे, मोठ्या दवाखान्यात हलवा. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मिस्त्रीणबाई अंगणात आल्या. त्यांनी मला पुढून मागून बघितलं. इंजिनच्या मागची तो फडक्याचा बोळा काढला, रिकाम्या जागेत हात घातला आणि हात तसाच आत ठेवून उभ्या राहिल्या.

"नऊ हजार दोनशे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फडकं परत बसवलं, ताईंकडून प्लास्टिकचा कागद मागून घेतला, मला झाकलं आणि सुतळीनं बांधलं. गाठी अशा मारल्या की त्या सोडवायला पुन्हा त्यांनाच यावं लागलं असतं.

पण त्या आल्या नाहीत. मिस्त्री वाचले. त्यांच्या एका फुप्फुसानं कायमचा दगा दिला आणि त्यांना काम सोडावं लागलं, हे मला ताईंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. आधी मिस्त्रींचा आठवड्याला फोन यायचा, गाडी कशी आहे म्हणून. मग महिन्याला. मग आला नाही. मॅग्नेटोही आला नाही.

वाऱ्यानं प्लास्टिक फाटलं. एका ट्रक ड्रायव्हरनं माझा आरसा नेला, कुणी भोंगा नेला. एका कुटुंबातली तीन मुलं दुपारभर माझ्यावर उड्या मारत होती, त्यात स्टँड मोडला. ताईंनी मुलांच्या आईला चार शब्द सुनावले आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात कपडे वाळत घालायची दोरी तुटली, तेव्हापासून चादरी माझ्यावर. त्यांचं तरी काय चुकलं. त्यांनी मला ठेवून घेतलं होतं, सांभाळायचं कबूल केलं नव्हतं.

बरोबर एक वर्षानं, सकाळी दहाच्या सुमारास, खालच्या वळणावर इंजिनांचा आवाज आला. त्यांतला एक आवाज मी लांबूनच ओळखला. ती माझी ठिणगी होती. आठ गाड्या अंगणात शिरल्या, सगळ्यांत पुढे कॅप्टन. मागून टेम्पो आला आणि त्यात ड्रायव्हरच्या शेजारी मिस्त्री बसले होते.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

ते उतरले. वाळून अर्धे झाले होते. अंगात ग्रुपचं निळं जाकीट, आणि छातीवर धाग्यानं भरलेलं, 'मुख्य मेकॅनिक'. सगळ्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. कॅप्टननी स्वतः त्यांच्या हातात चहाचा कप दिला. वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, आमची गाडी आज पण त्रास देतेय. कार्बोरेटरला तडा गेलाय म्हणालात ना तुम्ही? मग आता?"

मिस्त्री चहा पीत माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, माझी अवस्था बघून त्यांना बोलवत नाहीये. ते उठून आले. माझ्यावरची चादर त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली. टाकीवर हात ठेवला नाही. थेट खाली वाकून माझा कार्बोरेटर बघितला. वकीलसाहेबांच्या गाडीलाही तसाच लागतो.

ताई दारातून म्हणाल्या, "काका, न्यायला आलात का हिला? टेम्पो रिकामाच दिसतोय."

टेम्पो खरंच रिकामा होता. पाच-सहा बॅगा आणि एक सुटं चाक.

"मिस्त्री, ही तुमचीच ना?" कॅप्टननी खुर्चीतून विचारलं. सगळे बघायला लागले.

मिस्त्री सरळ उभे राहिले. "माझी होती साहेब," ते म्हणाले. "आता सुट्या भागांची आहे."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, हसताना त्यांना खोकला आला, आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांनी पाना आणला. कार्बोरेटरला दोन नट असतात. ते काढत असताना त्यांच्या जाकिटाच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो खांदा आणि कान यांच्यात धरला, हात चालूच.

"हो, पोहोचलो. हो, बघितली. चांगली आहे. झाकून ठेवलीय त्यांनी. नाही गं, टेम्पोत जागा कुठली यंदा. पुढच्या वर्षी बघू." पलीकडून मिस्त्रीणबाई काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. "हो, सगळं जागच्या जागी आहे," मिस्त्री म्हणाले आणि दुसरा नट काढला.

वकीलसाहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मिस्त्री, कॅप्टनना विचारायचं का, हिला टेम्पोत घालू या म्हणून?" ते हळू आवाजात म्हणाले.

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "घरी नेऊन काय करू?"

विचारलं असतं तर कॅप्टन कदाचित हो म्हणाले असते. कॅप्टनना नकार देण्यातही फारसा रस नव्हता. पण मिस्त्रींनी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी बरोबर होते तेव्हा ते सगळ्यांच्या शेवटी चालणारे नववे होते, आणि नववा मोजलाही गेला नव्हता. मी नव्हते तर त्यांना खुर्ची होती, जाकीट होतं, हातात आणून दिलेला कप होता. माझी अडचण होत होती.

मागच्या वेळी त्यांनी माझ्या रिकाम्या जागेत फडकं बसवलं होतं. या वेळी कार्बोरेटर काढल्यावर इंजिनचं तोंड तसंच उघडं ठेवलं. वकीलसाहेबांची गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. टाळ्या वाजल्या. ग्रुप घाटाकडे निघाला, आणि टेम्पो वळताना मिस्त्री ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होते. त्यांनी मागे बघितलं नाही, असं मी म्हणणार होते. खरं तर बघितलं. टेम्पोत पाना राहिलाय की अंगणात, ते बघायला.

पुढच्या पावसात पाणी त्या उघड्या तोंडातून थेट आत गेलं. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला. आता कुणी मनात आणलं तरी मी चालणार नाही. या वर्षीही ग्रुप गेला म्हणे, दुसऱ्या वाटेनं. मिस्त्री त्यांच्याबरोबर होते. या वेळी त्यांना माझं काही लागलं नसावं.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या वेळ असतानाच्या गोष्टी. पण तुमच्या घरात कुणी स्वतःच्या हातांनी उभी केलेली एखादी वस्तू असेल, तर ती वापरा. वापरायची नसेल तर अख्खी देऊन टाका, जो घेऊन जाईल त्याला. फक्त येतो म्हणून सांगून तिला कुठे उभी करून ठेवू नका. उभ्या वस्तूतून आधी परके काढून नेतात. मग ओळखीचे. शेवटी तो येतो ज्यानं तिला जोडलं होतं, आणि मित्रांनो, सगळ्यांत कमी वेळ त्यालाच लागतो.